रेणवी : वाळूच्या आश्रयाने जगणारे मत्स्यकुल

कर्जत आणि खालापूर हे आपले दोन्ही तालुके रायगड जिल्ह्यातले असले, तरी त्यांना समुद्रकिनारा नाही. पूर्वेला सह्याद्रीची भिंत, मध्ये माथेरानचा डोंगर, आणि उल्हास व पाताळगंगा ह्या दोन नद्या, असा हा मुलूख. समुद्र आपल्याला भेटतो तो बाजारात, बर्फावर मांडलेल्या मासळीच्या पाट्यांतून. त्यामुळे समुद्रातील माशाशी आपली ओळख बहुधा रूप, चव आणि भाव ह्या तीन गोष्टींपुरतीच असते. तो मासा जिवंतपणी कोठे राहत होता, काय खात होता, शत्रूपासून स्वतःला कसा वाचवत होता, हे प्रश्न पिशवी घेऊन बाजारात गेलेल्या माणसाला सहसा पडत नाहीत.

मी भूगोलाचा शिक्षक आहे. प्राणिशास्त्र हा माझा विषय नव्हे. तरीही एका माशावर हा लेख लिहिण्याचे धाडस करीत आहे, ह्याचे कारण असे की एखादा जीव कोठे राहतो आणि तेथेच का राहतो, हा प्रश्न मुळात भूगोलाचाच आहे. रेणवीच्या बाबतीत ह्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येते. ते म्हणजे वाळू. ह्या माशाच्या शरीराची ठेवण, त्याचे अन्न आणि त्याचे संरक्षण ही सारी वाळूशी बांधलेली आहेत. ती कशी, हे समजून घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

नावांचा गोंधळ

आपल्याकडे आणि मुंबईच्या बाजारात जिला रेणवी म्हणतात, तीच मालवण भागातील मुडदुशी. कारवारकडे ती नगली होते, तर मंगळूरकडे काणे. इंग्रजी जाणणारे लोक तिला लेडी फिश म्हणतात. पुस्तकांतून व्हायटिंग असेही नाव आढळते. मात्र हे शेवटचे नाव फसवे आहे. युरोपातील खरा व्हायटिंग हा कॉड माशाच्या कुळातला. त्याचा आणि आपल्या रेणवीचा काही संबंध नाही. परदेशात गेलेल्या गोऱ्या लोकांनी घरच्या माशाचे नाव अनोळखी माशाला दिले आणि ते रूढ झाले, इतकेच.

शास्त्रीय नाव मात्र जगभर एकच असते. आपल्या किनाऱ्यावर मिळणाऱ्या नेहमीच्या रेणवीचे शास्त्रीय नाव सिलॅगो सिहामा, आणि तिच्या कुळाचे नाव सिलॅजिनिडी. ह्या कुळात तीसहून अधिक जाती आहेत. हिंदी महासागर आणि पश्चिम पॅसिफिक महासागर ह्यांच्या किनाऱ्यांवर, म्हणजे आफ्रिकेपासून भारत, चीन, जपान आणि ऑस्ट्रेलियापर्यंत, त्या पसरलेल्या आहेत. बहुतेक सर्व जाती उथळ पाण्यातील वाळूच्या तळाशी राहणाऱ्या आहेत. ऑस्ट्रेलियातील किंग जॉर्ज व्हायटिंग ही त्यांतील सर्वांत मोठी. तिची लांबी ७० सेंटिमीटरच्या आसपास जाऊ शकते. आपली रेणवी त्यामानाने लहान, जास्तीत जास्त ३० सेंटिमीटरच्या आसपास वाढणारी, आणि बाजारात येते ती बहुधा वीतभर लांबीची.

‘सिहामा’ ह्या नावामागे एक मोठी कथा आहे. १७६१ साली डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानच्या अभ्यासासाठी विद्वानांची एक मोहीम पाठविली. तीत पीटर फोर्सकाल नावाचा निसर्गशास्त्रज्ञ होता. तांबड्या समुद्राच्या काठी येमेनमध्ये त्याने मासे गोळा केले. माशाची अर्धी बाजू कातडीसकट सोलून, वाळवून, एखादे झाडाचे पान चिकटवावे तशी ती कागदावर चिकटवून ठेवायची, अशी त्याची पद्धत होती. तेथील अरबी बोलीतली नावे त्याने पुष्कळदा तशीच ठेवली. अरबीत ‘सिहाम’ म्हणजे बाण. निमुळत्या तोंडाचा, सरळसोट अंगाचा हा मासा ज्याने पाहिला आहे, त्याला हे नाव किती चपखल आहे ते सांगावे लागणार नाही.

फोर्सकाल १७६३ साली येमेनमध्येच तापाने मरण पावला. मोहिमेतील सोबती एकामागून एक गेले आणि शेवटी कार्स्टन नीबूर हा एकटाच उरला. हा नीबूर १७६३ च्या सप्टेंबरात मुंबईस येऊन पोहोचला आणि वर्षाहून अधिक काळ तेथे राहिला. त्या मुक्कामात त्याने घारापुरीच्या लेण्यांची मोजमापे घेऊन चित्रे काढली. घारापुरी आज आपल्याच रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात मोडते. मायदेशी परतल्यावर त्याने आपल्या मृत मित्राची टिपणे १७७५ साली छापून प्रसिद्ध केली, आणि त्या ग्रंथातून रेणवीला तिचे शास्त्रीय नाव मिळाले. घारापुरीच्या शिवमूर्तींची मापे घेणारा आणि रेणवीचे नाव जगापुढे आणणारा मनुष्य एकच होता, ही गोष्ट आपल्या जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना ठाऊक असावी म्हणून येथे मुद्दाम नमूद केली.

शरीराची ठेवण

रेणवी हातात घेऊन पाहिली तर प्रथम तिचा लांबट, जवळजवळ गोल अंगाचा घाट ध्यानात येतो. पापलेटासारखी ती चपटी नसते. तोंड निमुळते व टोकाला लहान, आणि ते थोडे पुढे काढता येते. अंगावर बारीक खवले. पाठ फिकट तपकिरी, कुशी चंदेरी, पोट पांढरे. अंगावर ठिपके नाहीत, पट्टे नाहीत. पाठीवर दोन पर असतात. पहिल्यात टोकदार काटे असतात, दुसरा लांब व मऊ.

आता ही प्रत्येक गोष्ट वाळूच्या संदर्भात पाहावी. निमुळते तोंड आणि गोलसर अंग वाळूत घुसण्यास सोयीचे. बारीक खवल्यांमुळे अंग वाळूत अडकत नाही. रंग असा की उन्हात चमकणाऱ्या वाळूवर मासा स्थिर राहिला तर वरून दिसतच नाही. खाली वळणारे लहान तोंड वाळूतले किडे टिपण्यास योग्य. रेणवीचे मुख्य अन्न म्हणजे वाळूत राहणारे, अंगावर केसांसारखे रोम असलेले समुद्री किडे, बारीक कोळंबी आणि तत्सम कवचधारी जीव. पिले लहान असताना पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव खातात आणि मोठी झाली की तळाकडे वळतात.

ह्या कुळाचे आणखी एक वैशिष्ट्य पोटात दडलेले आहे. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते. तिच्या साहाय्याने मासा पाण्यात आपला तोल सांभाळतो. रेणवीच्या ह्या पिशवीला पुढे व मागे शिंगांसारखे फाटे फुटलेले असतात, आणि त्यांचा आकार जातीगणिक वेगळा असतो. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन जाती ओळखण्यासाठी शास्त्रज्ञांना पोट उघडून ही पिशवी पाहावी लागते. भारताच्या किनाऱ्यावरील एक वेगळी जात अशा बारकाव्यांवरून ओळखली गेली आणि १९८५ साली तिला सिलॅगो इंडिका असे नाव मिळाले. त्याहून चमत्कारिक गोष्ट सुएझची. १८६९ साली सुएझ कालवा खुला झाल्यावर तांबड्या समुद्रातील अनेक मासे भूमध्य समुद्रात शिरले. १९७७ साली लेबनॉनच्या किनाऱ्यावर रेणवी सापडल्याची नोंद झाली आणि ती सिहामा जातीचीच असे अनेक वर्षे मानले गेले. पुढे बारकाईने तपासणी झाली तेव्हा ती निराळीच जात निघाली. तिचे सिलॅगो सुएझेन्सिस असे नामकरण झाले. ज्या माशाला अडीचशे वर्षांपूर्वी नाव मिळाले, त्याच्या कुळाची मोजणी अजून पुरी झालेली नाही.

वाळूत लपण्याच्या तऱ्हा

वाळूचा किंवा चिखलाचा आश्रय घेणारे मासे पुष्कळ आहेत. पण त्यांच्या तऱ्हा वेगवेगळ्या. लेप आणि पाकट हे चपटे मासे तळाशी अंग टेकून पर हलवतात आणि अंगावर वाळूची पातळ चादर ओढून घेतात. डोळे तेवढे उघडे राहतात. निवटी ही चिखलात बीळ करून राहते. भरती-ओहोटीच्या वेळा सांभाळून ती बिळातून ये-जा करते. रेणवीची तऱ्हा तिसरी. ती बीळ करीत नाही आणि नुसती चादरही ओढत नाही. एरवी ती लहानमोठ्या थव्याने तळालगत पोहत असते. धोका जाणवला की तोंड खाली करून, अंगाला हिसके देत ती सरळ वाळूत शिरते आणि दिसेनाशी होते.

काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांच्या सहलीबरोबर मी आक्षीच्या किनाऱ्यावर गेलो होतो. ओहोटी लागलेली होती. गुडघाभर पाण्यात एक कोळीबांधव पाग टाकीत होते. पाग पडण्यापूर्वी पाण्यात चार-पाच सावल्या सरकताना आम्हांला स्पष्ट दिसल्या होत्या. पाग ओढली तर आत एकच मासा. एका विद्यार्थ्याने विचारले, “काका, बाकीचे पळाले कुठे?” ते हसून म्हणाले, “पळाले नाय, बाला. तुझ्या पायाखाली गेले.” मग त्यांनी आम्हांला अनवाणी पायांनी वाळू चाचपत हळूहळू चालायला सांगितले. आमच्या पायांना काही लागले नाही, परंतु त्यांच्या पायांना लागत असावे. पुढे वाचनात आले की ऑस्ट्रेलियातील जाळेवाले कोळीही ह्याच कुळातील मासे अनवाणी पायांनी चाचपून शोधतात. दोन दूरच्या किनाऱ्यांवरील कोळ्यांना एकाच माशाने एकच विद्या शिकविली म्हणायची!

येथे एक शंका मनात येते. वाळूत गेल्यावर मासा श्वास कसा घेतो? ह्याचे उत्तर वाळूच्या घडणीत आहे. वाळूचे कण मोठे असतात आणि त्यांच्यामध्ये पोकळ्या राहतात. त्या पोकळ्यांतून पाणी खेळते, आणि पाण्याबरोबर प्राणवायूही. चिखलाचे तसे नाही. त्याचे कण इतके बारीक की ते एकमेकांना घट्ट चिकटतात. आत पाणी खेळत नाही आणि माशाच्या कल्ल्यांत गाळ भरतो. म्हणून रेणवीला स्वच्छ, सुटी वाळू हवी.

गाव आणि समुद्र ह्यांतले नाते

आता आपल्या मुलखाकडे येऊ. पाताळगंगा खालापूर तालुक्यातून वाहत जाऊन धरमतरच्या खाडीला मिळते. खोपोलीच्या वीजगृहातून १९१५ पासून बाहेर पडणारे घाटमाथ्यावरचे पाणीही तिलाच येऊन मिळते. उल्हास कर्जतवरून बदलापूर, कल्याणकडे जाते आणि वसईच्या खाडीतून समुद्र गाठते. सह्याद्रीचा काळा पाषाण झिजून जी माती होते, ती पावसाळ्यात ह्या नद्यांबरोबर खाली जाते. खाडीत पाणी मंदावले की गाळ बसतो, म्हणून खाडीच्या काठाला चिखल आणि खारफुटी दिसते. तेथे राज्य निवटीचे. याउलट किहीम, वरसोली, नागाव, आक्षी, रेवदंडा ह्या उघड्या किनाऱ्यांवर लाटा सतत आपटतात. सुपात धान्य पाखडताना कोंडा उडून जावा आणि दाणा राहावा, तसा लाटांच्या ह्या पाखडण्यात बारीक गाळ वाहून जातो आणि वाळू मागे उरते. तेथे रेणवी. एकाच जिल्ह्यात, काही मैलांच्या अंतरात, तळ बदलला की मासा बदलतो.

रेणवी मात्र खाडीला सर्वस्वी परकी नाही. कमी-अधिक खारेपणा तिला सोसतो, आणि जेथे वाळूचे पट्टे असतील अशा खाड्यांच्या मुखांतून ती आत येते. तिची अंडी पाण्यात तरंगतात. पिले पाण्याबरोबर वाहत येऊन उथळ, आडोशाच्या जागी वाढतात. १९६१ साली पालेकर व बाळ ह्या संशोधकांनी कारवारच्या समुद्रातील रेणवीच्या प्रजननाचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील ह्या माशाविषयी झालेल्या जुन्या पायाभूत कामांत त्याची गणना करावी लागेल.

ज्यांनी समुद्रातील रेणवी कधी पाहिली नाही, त्यांना तिची कल्पना यावी म्हणून आपल्या नदीतले उदाहरण देतो. ओढ्याच्या उथळ, वाळू-गोट्यांच्या पात्रात बोटभर लांबीचा, गोल अंगाचा मुरा आपण सर्वांनी पाहिला आहे. पाण्यात पाय पडला की तो क्षणात वाळूत किंवा गोट्याखाली नाहीसा होतो. आपल्या भागातील कातकरी बांधव गोट्यांखाली हात घालून, केवळ बोटांच्या जाणिवेने, असे मासे धरतात. मुरा आणि रेणवी ह्यांचे कूळ अगदी भिन्न. एक गोड्या पाण्यातला, दुसरी खाऱ्या पाण्यातली. पण दोघांनाही लपण्यासाठी झाडझाडोरा नाही आणि मोठा खडक नाही, पायाखाली आहे ती वाळूच. समान अडचणीवर निसर्गाने समान उपाय काढला आहे.

वाळू कोणाची?

येथवर वाचून कोणी म्हणेल, “गुरुजी, माहिती चांगली आहे, पण तिचा आपल्याशी काय संबंध?” संबंध आहे, आणि तो जवळचा आहे.

कर्जत-खालापूर भागात गेल्या काही दशकांत बांधकामे किती वाढली, हे प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर आहे. बंगले, शेतघरे, इमारती, रस्ते. ह्या प्रत्येकाला वाळू लागते. आपण ती ब्रासने विकत घेतो. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. आपल्या हिशेबी ती सिमेंटात मिसळायची वस्तू. ती ज्या नदीतून किंवा खाडीतून आली, तेथे तिच्यात कोणी राहत होते, हा विचार हिशेबात येत नाही. हातपाटीने, डुबी मारून वाळू काढणाऱ्या माणसाच्या श्रमाला मर्यादा होती. सक्शन पंप ती मर्यादा मानत नाही. तो वाळूबरोबर तिच्यातले किडे, शिंपले, अंडी-पिले सारेच उपसतो, आणि ढवळलेला गाळ आजूबाजूच्या चांगल्या वाळूवर जाऊन बसतो. डोंगर उघडा करून प्लॉट पाडले की पहिल्या पावसात तिथली माती ओढ्यात येते आणि शेवटी खाडीत. म्हणजे एकीकडे वाळू जाते, दुसरीकडे चिखल येतो. रेणवीसारख्या माशाचे दोन्हीकडून नुकसान.

ही भीती काल्पनिक नाही, हे दाखवणारे उदाहरण उत्तर समुद्रातले आहे. तेथे सँड ईल नावाचे वाळूत शिरणारे मासे आहेत. ते वेगळ्या कुळातले. दिवसा थव्याने पोहायचे, रात्री वाळूत शिरायचे आणि हिवाळ्याचे कित्येक महिने वाळूतच काढायचे, असा त्यांचा क्रम. अभ्यासकांना असे आढळले की वाळूत बारीक गाळाचे प्रमाण वाढले की हे मासे ती जागा सोडतात. पफिनसारखे समुद्रपक्षी आपल्या पिलांना हेच मासे भरवतात. मासे घटले की पक्ष्यांची पिले उपाशी मरतात. म्हणून ब्रिटनने २०२४ साली इंग्लंडकडील उत्तर समुद्रात आणि स्कॉटलंडच्या सर्व पाण्यात ह्या माशांची मासेमारी बंद केली. त्यावर युरोपीय संघाशी वाद झाला आणि तो लवादापर्यंत गेला. वीतभर माशासाठी देशांनी एवढे भांडावे, ह्यावरून त्या माशाचे मोल ध्यानात यावे.

आपल्याकडेही कायदा आहे. १९९१ च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेने किनाऱ्यावरील वाळूचे उत्खनन, काही अपवाद वगळता, निषिद्ध ठरवले. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने लहान क्षेत्रातील वाळू उत्खननालाही पर्यावरणाची परवानगी आवश्यक केली. दगड भरडून तयार केलेली वाळूही आता बांधकामात वापरली जाते. परंतु तिच्यासाठी कोठला तरी डोंगर फुटतोच, हेही विसरून चालणार नाही. कायदा कागदावर असतो. तो राखायचा तर वाळूकडे पाहण्याची दृष्टी बदलावी लागेल, आणि दृष्टी घडविण्याचे काम शाळा-महाविद्यालयांचे आहे.

रेणवीचे मांस पांढरे, मऊ आणि पचायला हलके. म्हणून कोकणात आजारातून उठलेल्या माणसाला आणि बाळंतिणीला ती आवर्जून देतात. ज्या घरात ती शिजते, त्या घरातील माणसाला ती स्वच्छ वाळूतून आलेली आहे एवढे जरी ठाऊक असले, तरी पुष्कळ झाले.

विद्यार्थ्यांना शेवटी एवढेच सुचवावेसे वाटते. पुढच्या वेळी बाजारात जाल तेव्हा मासळीवाल्या मावशींना रेणवी कोठल्या बंदरातून आली, कोणत्या महिन्यात जास्त येते, पूर्वीइतकी येते का, हे विचारा आणि वहीत लिहून ठेवा. गावातील वडीलधाऱ्यांना आपल्या नदीत पूर्वी वाळूचे पट्टे कोठे होते, तेथे कोणते मासे मिळत, हेही विचारा. दोन-चार वर्षे अशा नोंदी झाल्या तर महाविद्यालयाच्या भूगोल विभागाला त्यांतून आपल्या दोन तालुक्यांच्या नद्यांचा एक उपयुक्त नकाशा तयार करता येईल. त्यासाठी फार खर्च नाही. वही, पेन्सिल आणि विचारण्याची इच्छा एवढे भांडवल पुरे आहे. जे विद्यार्थी हे काम हाती घेतील, त्यांना माझ्याकडून होईल ते सर्व साहाय्य मिळेल.